लोकापवादाच्या छायेत : श्रीमती मेरी एलेन प्लेझंट यांचे चरित्र

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार, दानशूर व कष्टाळू व्यक्तींची चरित्रे देण्याचा प्रघात आहे व तो स्तुत्यच आहे. यंदा मात्र ज्ञातीबाहेरच्या, किंबहुना देशाबाहेरच्या एका स्त्रीची हकीकत सादर करण्याची परवानगी मी ज्ञातिबंधुभगिनींकडे मागतो. त्याचे कारण असे. सोयरीक जुळवताना असो किंवा एखाद्या घराची भरभराट पाहून असो, आपल्यात पहिला प्रश्न निघतो तो हा की, ही माणसे मूळची कुठली? आणि ती भरभराट एखाद्या एकट्या स्त्रीच्या हातची असली, तर लगेच दुसरा प्रश्न ओठांवर येतो की, एवढा पैसा हिच्याकडे आला कोठून? या दोन प्रश्नांनी एका असामान्य स्त्रीचे आयुष्य कसे ग्रासले, हे या चरित्रात दिसून येते. म्हणून ते आपणांसही उपयोगी पडेल अशी माझी समजूत आहे.

ही स्त्री म्हणजे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरच्या श्रीमती मेरी एलेन प्लेझंट. त्या कृष्णवर्णीय होत्या, शाळेचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, तरी स्वतःच्या हिकमतीवर त्या शहरातील धनिकांच्या पंक्तीला जाऊन बसल्या. विषय दूरचा वाटेल. पण आपल्या वसईला तो अगदीच परका म्हणता येणार नाही. पोर्तुगीज अमदानीत वसईच्या कोटातील बड्या फिरंग्यांच्या घरी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले हबशी गुलाम राबत असत. १७३९ साली चिमाजीअप्पांनी कोट जिंकला त्याचा आपण अभिमान बाळगतो. त्याच भिंतींच्या आत माणसांची खरेदी-विक्री होत असे याचाही विसर पडू देऊ नये. पुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले व अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना ते अर्पण केले, हेही वाचकांच्या स्मरणात असेलच.

प्लेझंटबाईंच्या जन्माविषयी एकवाक्यता नाही. वृद्धपणी त्यांनी स्वतः सांगितले ते असे की, आपला जन्म १८१४ साली फिलाडेल्फिया शहरात झाला, वडील हवाई बेटांकडील होते व आई कृष्णवर्णीय पण स्वतंत्र होती. दुसरी परंपरा सांगते की, त्या दक्षिणेकडील जॉर्जिया प्रांतात गुलाम म्हणून जन्मल्या. ज्या देशात आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, असा कायदा होता, त्या देशात जन्माची हकीकत ही नुसती घरगुती बाब नव्हती. एका उत्तराने माणूस मोकळा फिरे आणि दुसऱ्या उत्तराने त्याला दावे लागे. तेव्हा या बाईंनी आपल्या मुळाविषयी जपून बोलावे, यात नवल ते काय?

बालपणीच त्यांना मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील नॅनटकेट नावाच्या बेटावर हसी आडनावाच्या एका क्वेकरपंथी कुटुंबात ठेवण्यात आले. क्वेकर लोक गुलामगिरीचे कट्टर विरोधक. घरच्या आजीबाईंचे छोटे दुकान होते, त्यात ही मुलगी गल्ल्यावर बसू लागली. आपल्या शिक्षणासाठी पाठविलेले पैसे त्या कामी खर्च झाले नाहीत, ही खंत प्लेझंटबाईंनी म्हातारपणापर्यंत बाळगली. तथापि शाळेने जे दिले नाही ते दुकानाने दिले. गिऱ्हाईक ओळखणे, तोंडी हिशेब करणे, ऐकलेले ध्यानात ठेवणे व आपले मनोगत उघड न करणे, ही विद्या त्यांनी तेथे संपादन केली. त्या बेटावरचे पुरुष देवमाशांच्या शिकारीसाठी वर्षानुवर्षे समुद्रावर असत, त्यामुळे तेथील दुकानदारी बहुतांशी बायकांच्याच हाती होती. स्त्रीने व्यापार करणे ही तेथे अचंब्याची गोष्ट नव्हती, आणि ही समजूत त्या मुलीच्या मनात कायमची रुजली.

वयात आल्यावर त्यांचा विवाह जेम्स स्मिथ नावाच्या एका सधन गृहस्थाशी झाला. हे गृहस्थ गुलामगिरीविरोधी चळवळीतले होते. दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना गुप्त वाटांनी उत्तरेकडे पोचविण्याच्या कार्यात पति-पत्नी दोघेही असत असे सांगतात. स्मिथ लवकरच वारले व पत्नीच्या हाती बरीच मोठी रक्कम ठेवून गेले. पुढे त्यांनी जॉन जेम्स प्लेझंट्स या जहाजावरील आचाऱ्याशी पुनर्विवाह केला. ज्या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या ते नाव यांचेच.

१८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि हजार वस्तीचे सॅन फ्रान्सिस्को पाहता पाहता पंचवीस हजारांवर गेले. १८५२ च्या सुमारास प्लेझंटबाई तेथे उतरल्या. त्या वेळी तेथे पुरुषांची झुंबड व बायकांचा दुष्काळ अशी अवस्था होती. खिशात सोने होते, पण शिजवून घालणारे कोणी नव्हते. कपडे धुण्यासाठी लोक जहाजाने होनोलुलू किंवा चीनमधील कँटन येथे पाठवीत, यावरून टंचाईची कल्पना यावी. सोने खणायला सारे धावले. या बाईंनी मात्र खणणाऱ्यांच्या भुकेकडे लक्ष दिले. त्या उत्तम सुगरण होत्या. प्रथम त्यांनी व्यापाऱ्यांच्या घरी स्वयंपाक व घरव्यवस्थेचे काम पत्करले. जवळची रक्कम व्याजी लावली. मग कपडे धुण्याचे कारखाने काढले, राहण्या-जेवण्याची घरे काढली. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवून ज्या बायकांनी संसार उभे केले, त्यांची जातकुळी ओळखणाऱ्याला हा मार्ग अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच की, प्लेझंटबाईंच्या पंक्तीला बँकवाले, खाणवाले व राजकारणी बसत. वाढताना कोणत्या खाणीला चांदी लागली, कोणता भाग चढणार, हे कानावर पडे, आणि सकाळी त्यांचा पैसा योग्य ठिकाणी जाऊन पडे. त्यांच्याकडे राहणारे न्यूटन बूथ हे गृहस्थ १८७१ साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर म्हणून निवडून आले, एवढी त्या घराची प्रतिष्ठा होती.

आता त्यांच्या गुप्त जीवनाकडे वळू. कॅलिफोर्निया हा प्रांत नावाला गुलामगिरीमुक्त होता. पण १८५० च्या कायद्याने काळ्या माणसाला गोऱ्याविरुद्ध न्यायालयात साक्ष देण्याचीही मुभा नव्हती. गोऱ्याने काळ्याचा माल बळकावला, तर साक्षीला उभे राहायचे कोणी? पळालेल्या गुलामाला पकडून परत नेण्याचा कायदा १८५२ साली झाला. अशा मुलखात काळ्या स्त्रीने पैसा मिळविला तरी तो राखणे दुरापास्त. प्लेझंटबाईंचा वर्ण उजळ होता, त्यामुळे गोरे लोक त्यांना गोरी समजत. त्यांनी तो समज दूर केला नाही. काळ्या वस्तीला मात्र त्या आपल्या आहेत हे पक्के ठाऊक होते. आणि एवढ्या माणसांत हे गुपित असूनही ते वर्षानुवर्षे बाहेर फुटले नाही, यातच त्यांच्यावरील विश्वासाची साक्ष आहे.

तो विश्वास त्यांनी कमावलेला होता. नव्याने आलेल्या काळ्या स्त्री-पुरुषांना त्या काम मिळवून देत, आसरा देत, धंद्याला भांडवल देत. आर्ची ली नावाच्या तरुणाला त्याचा मालक पुन्हा गुलामगिरीत नेऊ पाहत होता. त्याला सोडविण्यासाठी १८५८ साली काळ्या समाजाने मोठी झुंज दिली व तो मुक्त झाला. त्या कार्यात प्लेझंटबाईंचा हात होता असे मानतात. साक्षीचा कायदा बदलावा म्हणून चाललेल्या खटपटीतही त्या होत्या, व १८६३ साली तो कायदा बदलला.

१८५८ मध्येच त्या कॅनडातील चॅटम गावी गेल्या. तेथे मुक्त झालेल्या गुलामांची मोठी वसाहत होती, आणि गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलण्याच्या निर्धाराने पेटलेले जॉन ब्राउन यांनी त्याच वर्षी तेथे सभा घेतली होती. प्लेझंटबाईंनी चॅटमला जमीन खरेदी केल्याचा दस्तऐवज आहे. ब्राउन यांना आपण ३०,००० डॉलर दिले, असे त्यांनी आयुष्याच्या अखेरीस सांगितले. १८५९ च्या ऑक्टोबरात ब्राउन यांनी हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. तो फसला व २ डिसेंबर रोजी त्यांना फाशी झाली. आपली एक चिठ्ठी त्यांच्याजवळ सापडली, पण सहीतले पहिले अक्षर शोधणाऱ्यांनी चुकीचे वाचले म्हणून आपण वाचलो, असे प्लेझंटबाई सांगत. एकीकडे गोऱ्या धनिकांना रुचकर जेवण वाढायचे आणि दुसरीकडे त्यातून मिळालेले धन गुलामगिरी उलथून टाकण्यासाठी द्यायचे, हे त्यांच्या गुप्त जीवनाचे खरे स्वरूप होते.

यादवी युद्ध संपले, १८६५ साली गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली आणि या बाईंनी आपण कृष्णवर्णीय आहोत हे उघडपणे जाहीर केले. लपण्याचे कारण उरले नाही असे त्यांना वाटले असावे. पुढच्याच वर्षी, १८६६ च्या सप्टेंबरात, नॉर्थ बीच अँड मिशन या कंपनीच्या घोड्यांच्या ट्रामला त्यांनी हात केला. काळ्यांना घेत नाही म्हणून कंडक्टरने गाडी थांबवू दिली नाही. आत त्यांच्या ओळखीच्या एक प्रतिष्ठित गोऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी विनवूनही उपयोग झाला नाही. प्लेझंटबाईंनी कंपनीवर फिर्याद केली व त्या गोऱ्या बाईंनी साक्ष दिली. पंचांनी ५०० डॉलर भरपाई ठरविली. परंतु १८६८ साली प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. हा दावा चालू असतानाच, १२ एप्रिल १८६७ रोजी, आपल्या विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली. एका बाकावर सगळ्या जातींनी बसायचे कसे, ही कुजबुज आपल्याकडेही त्या काळी झालीच होती. आज ती आठवली की हसू येते. पण दारातून परत पाठविलेल्या माणसाला ते हसू कधीच आले नाही.

प्लेझंटबाईंचे भाग्य शिखराला पोचले ते टॉमस बेल या स्कॉटलंडहून आलेल्या बँक व्यावसायिकाच्या भागीदारीत. सोने-चांदी खनिजातून वेगळी काढण्यासाठी पारा लागे, व पाऱ्याच्या व्यापारात बेल यांचे वजन मोठे होते. मसलत व भांडवल बाईंचे आणि व्यवहाराला पुढे गोरे नाव, असा हा मेळ होता. ऑक्टेव्हिया रस्त्यावर सुमारे ३० खोल्यांचा वाडा उभा राहिला. त्यात बेल, त्यांची पत्नी टेरेसा, मुले आणि प्लेझंटबाई एकत्र राहत. रस्त्याने जाणारा माणूस त्यांना वाड्याची कारभारीण समजे. वास्तविक वाड्याची सूत्रे त्यांच्याच हाती होती. शिरगणतीत त्यांनी आपला धंदा भांडवलदार असा लिहविला. परंतु येथेच एक मोठी चूक झाली. कोणते धन कोणाचे, हे कागदावर स्वच्छ राहिले नाही. ज्या पडद्याने पैसा राखला, त्याच पडद्याआड तो पुढे नाहीसा झाला.

१८८३ पासून शॅरन प्रकरण गाजू लागले. विल्यम शॅरन हे कोट्यधीश खाणमालक व माजी सिनेटर. त्यांनी आपल्याशी गुप्तपणे विवाहाचा करार केला होता, असे सेरा अल्थिया हिल नावाच्या तरुणीचे म्हणणे होते. तिच्या दाव्याचा खर्च प्लेझंटबाईंनी केला व तिच्या बाजूने त्या न्यायालयात उभ्या राहिल्या. मग काय! दावा सेराचा, पण आरोपीच्या पिंजऱ्यात जणू प्लेझंटबाई बसल्या. चेटूक, मुलांची अदलाबदल, श्रीमंतांना धमकावून पैसे उकळणे, असे नाही नाही ते आरोप शॅरन यांच्या पक्षाने व वर्तमानपत्रांनी केले. १८८४ च्या डिसेंबरात प्रांतिक न्यायालयाने विवाह ग्राह्य धरला, तर वर्षभराने संघराज्याच्या न्यायालयाने तोच करार बनावट ठरविला व निकालपत्रात प्लेझंटबाईंविषयी अत्यंत तुच्छतेचे उद्गार काढले. या प्रकरणात त्यांनी चुकीचा पक्ष घेतला असे कोणी म्हणेल, व त्यांना सर्वथा निर्दोष ठरविण्याचा माझा आग्रह नाही. पण करार खोटा होता असे धरले, तरी त्यावरून चेटूक सिद्ध होत नाही. त्याच काळात मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंचा दावा चालू होता. त्यांनीही आपले विचार प्रथम नाव झाकून, एक हिंदू स्त्री या सहीने प्रसिद्ध केले होते. नाव प्रकट झाल्यावर त्यांच्यावर जी चिखलफेक झाली, ती आठवली म्हणजे हा रोग एकाच देशाचा नाही हे पटते.

१८९२ च्या ऑक्टोबरात एका रात्री टॉमस बेल वाड्यातील जिन्यावरून कोसळले व मरण पावले. रीतसर चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. लोकांनी मात्र ठरविले की बाईंनीच ढकलले असणार. पुढे टेरेसा बेल व त्यांचे बिनसले, मालमत्तेवर दावे लागले, आणि १८९९ साली, ऐंशी उलटलेल्या या वृद्धेला वाडा सोडावा लागला. त्याच वर्षी एका बड्या वर्तमानपत्राने वाड्याला गूढगृह ठरवून त्यांच्यावर पानभर मजकूर छापला. वर्तमानपत्रे त्यांना मॅमी म्हणून संबोधीत. गोऱ्यांच्या घरी मुले सांभाळणाऱ्या काळ्या दाईला हे नाव असे. एखाद्या पेढीच्या मालकिणीला भर सभेत मोलकरीण म्हणून हाक मारावी, तसाच हा प्रकार. या नावाचा त्यांना अतोनात तिटकारा होता व तसे त्या बोलूनही दाखवीत.

जानेवारी १९०४ मध्ये, जवळजवळ निर्धन अवस्थेत, शेरवूड नावाच्या एका स्नेही कुटुंबाच्या घरी त्यांचे देहावसान झाले. त्या कुटुंबाने नापा गावच्या दफनभूमीत आपल्या जागेत त्यांना विसावा दिला. आपण जॉन ब्राउन यांच्या स्नेही होतो एवढेच थडग्यावर लिहावे, ही त्यांची इच्छा होती. संपत्तीचा, वाड्याचा उल्लेख नको. ते एक नाते तेवढे राहावे. ती इच्छा १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या कृष्णवर्णीय इतिहास मंडळाने दगड बसवून पुरी केली. वाडा केव्हाच पाडला गेला. त्यांनी लावलेली निलगिरीची झाडे मात्र ऑक्टेव्हिया रस्त्यावर उरली, व तेथे त्यांच्या नावाची स्मरणशिला बसविण्यात आली. कॅलिफोर्नियातील नागरी हक्कांची जननी असा गौरव आज त्यांच्या वाट्याला येतो.

या चरित्राचा विचार करताना एक गोष्ट मनाला फार लागते. जोपर्यंत या बाईंनी आपले मूळ झाकले, तोपर्यंत समाजाने त्यांच्या हातचे जेवण वाखाणले. ज्या दिवशी त्यांनी खरे सांगितले, त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक गुणाला वाईट नाव मिळाले. चातुर्याला कारस्थान म्हटले गेले, दानाला लाच, मौनाला पाप, आणि पैशाला चेटूक. खुनाचा वा चेटकाचा एकही आरोप कोणत्या न्यायालयात सिद्ध झाला नाही. पण लोकापवादाला पुरावा लागत नाही. खोटेपणाबद्दल आपण त्यांना दोष देऊ शकतो. मात्र खरे बोलणाऱ्याची किंमत समाजाने काय केली, हेही त्याच वेळी विचारले पाहिजे.

आपल्या वसईच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या भल्या पहाटेच्या गाडीने फुले व भाजी घेऊन दादरच्या बाजाराला जात आल्या. कित्येक घरांची कौले, मुलांच्या फिया व मुलींची लग्ने त्या टोपल्यांवर निघाली. त्या घरांच्या व जमिनींच्या कागदांवर या बायकांची नावे किती ठिकाणी आहेत? महाराष्ट्राने १९९४ साली व साऱ्या देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी जमिनीला भाव येताच बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई आपल्याकडे होतेच. प्लेझंटबाईंचा पैसा परक्या नावाच्या आड होता म्हणून गेला. आपल्या घरच्या लक्ष्मीचा पैसा घरच्याच नावाआड जाऊ नये, एवढी दक्षता तरी प्रत्येक कुटुंबाने घ्यावी.

आणि यापुढे एखादी विधवा, परित्यक्ता किंवा बाहेरून आलेली स्त्री आपल्या वस्तीत स्वकष्टाने वर आलेली दिसली, तर तिचे मूळ व तिच्या पैशाचा उगम यांची चर्चा ओट्यावर करण्याआधी तिच्या पहाटेच्या कामाची वेळ विचारावी. बहुतेक वेळा उत्तर तेथेच मिळते. संघाच्या वतीने अशा कष्टाळू भगिनींचा वार्षिक संमेलनात सत्कार व्हावा, अशी नम्र सूचना करून हे चरित्र येथेच पुरे करतो. इत्यलम्.